मुलासाठी कधी बोलायचं, कधी थांबायचं

मुलासाठी भांडावं लागतं, हे विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईवडिलांना वेगळं सांगावं लागत नाही. घोळ होतो तो वेळेचा. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि वाडिया रुग्णालयांच्या परिसरात सकाळी उभं राहिलं की काखेत फायली धरलेले पालक दिसतात. काहींनी ‘बघू, सुधारेल’ म्हणत तीनचार वर्षं काढलेली असतात, आणि दहावीचा फॉर्म तोंडावर आल्यावर दिव्यांगत्वाच्या दाखल्याची धावपळ सुरू झालेली असते. काहींचं उलट. शाळा उघडून आठवडा होत नाही तोच ते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आवाज चढवून आलेले असतात आणि तेव्हापासून वर्गशिक्षिका त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. पहिल्यांचं मूल मदतीवाचून राहतं. दुसऱ्यांच्या मुलाशी शाळा अंतर राखून वागायला लागते.

कोणती गोष्ट कधी बोलायची हे ठरवायला एक कसोटी पुरते. आज गप्प बसलो तर मुलाचं जे बुडेल, ते पुढे भरून काढता येईल का? अंगावरचा वळ, भर वर्गात झालेला अपमान, भाषा शिकण्याच्या वयात लक्षात न आलेलं बहिरेपण, उलटून गेलेली अर्जाची तारीख, यातलं काही भरून येत नाही. तिथे लगेच बोलायचं. चार गुण कमी पडले, बाईंनी वहीत तिरका शेरा मारला, मधल्या सुट्टीत कुरबुर झाली, हे भरून येतं. तिथे थांबता येतं, आणि बऱ्याचदा थांबावंच.

त्याच दिवशी बोलायच्या गोष्टी

मूल मार खाऊन आलं, त्याला वर्गात कोंडून ठेवलं, तासन्‌तास वर्गाबाहेर बसवलं, शौचालयाला जाऊ दिलं नाही, तर उद्यावर टाकू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. शाळेच्या वळणावर आल्यावर रडारड, गणवेश दिसला की लपणं, सुटलेली अंथरुणातली शू पुन्हा सुरू होणं, एखाद्या माणसाचं नाव काढताच अंग चोरणं, या खुणा ‘हट्टीपणा’ म्हणून सोडून देऊ नका. जखम असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर नोंद करून घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ अशा वेळी कामाची आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेच्या अंतर्गत चौकशीची वाट न पाहता पोलीस ठाणं गाठा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे.

दुसरी तातडीची गोष्ट गोड बोलून येते. ‘सहलीला त्याला झेपणार नाही हो’, ‘गॅदरिंगच्या दिवशी घरीच ठेवा, गर्दीत घाबरेल’. बोलणारे चांगल्या मनाचे असतात, म्हणून पालक मान डोलावतात. एकदा मान डोलावली की तो पायंडा पडतो आणि पुढच्या वर्षी कुणी विचारतही नाही. गॅदरिंगची सूचना कॅलेंडरमध्ये लिहून आली त्याच आठवड्यात बाईंना भेटा आणि नेमकं काहीतरी सुचवा: समूहगीतात कडेची जागा, स्पीकरपासून लांब, शेजारी ओळखीची मैत्रीण, आणि नको वाटलं तर विंगेत परत यायची मुभा. नुसतं ‘घ्याच’ म्हणण्यापेक्षा ‘असं घेता येईल’ हे शाळेला पटकन पटतं.

तिसरं, ‘दाखला काढून न्या’. हे बहुतेक वेळा तोंडी सांगतात. आपण हुज्जत न घालता एवढंच म्हणायचं: “कारणासह लेखी द्या, आम्ही विचार करून कळवतो.” पुष्कळदा विषय तिथेच थांबतो. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं.

डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात तेव्हा

मुलासाठी शब्द टाकायची पहिली वेळ शाळेच्या कितीतरी आधी येते, आणि बहुतेकदा घरातच. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘ह्याचे बाबा पण चार वर्षांचे होईपर्यंत मुके होते’. आजीचा धीर प्रेमाचा असतो, पण त्यावर महिने घालवू नयेत. वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिने झाले तरी एक शब्द नाही. दोन वर्षांनंतरही स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. हाक मारल्यावर वळत नाही. किंवा आलेली भाषा कोणत्याही वयात गेली, तर तपासणी लगेच. डॉक्टर घाईत ‘सहा महिने बघू’ म्हणाले तर नम्रपणे तीन गोष्टी विचारा. कशाची वाट पाहायची आहे? तोवर घरी काय करायचं? आणि कानाची तपासणी आत्ताच करून घेऊ का? ही तिसरी विसरू नका. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासतात, कारण ऐकू येत नसेल तर गेलेला प्रत्येक महिना भाषेतून वजा होतो.

दक्षिण-मध्य मुंबईत राहणाऱ्या पालकांचं एक बरं आहे, बऱ्याच सोयी चालत किंवा एका बसच्या अंतरावर आहेत. परळला १९२६ चं केईएम आणि १९२९ चं मुलांचं वाडिया रुग्णालय, मुंबई सेंट्रलला नायर. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे; हातापायाचं व्यंग, कॅलिपर, व्हीलचेअर यासाठी तिथे जातात. ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. लोअर परळची ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून बालविकासाच्या अडचणींवर काम करते. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे; फक्त पहिल्यांचे कागद दुसऱ्यांपासून लपवू नका.

प्रवेशाच्या खिडकीवर

‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे वाक्य प्रवेशाच्या वेळी हमखास ऐकू येतं. इथे दोन कायदे वेगवेगळे समजून घ्यावे लागतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा (आरटीई) मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेऊन निवड करायला मनाई करतो. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागांसाठी दिव्यांग मुलं वंचित गटात मोडतात, आणि महाराष्ट्रात त्यांना उत्पन्नाची अट नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. गिरगाव, धोबीतलाव, दादर भागांत अशा शाळा बऱ्याच आहेत. तिथे नुसता ‘आरटीई’चा धाक घातला तर ‘आम्हाला लागू नाही’ असं बरोबरच उत्तर मिळेल आणि आपण निरुत्तर होऊन खाली उतरू.

तिथे दुसरा कायदा काढायचा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आहेत. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, हे त्याच्या कलम १६ मध्ये आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. पसंती आपली, हे लक्षात ठेवा. ‘तुमच्या मुलाला विशेष शाळेतच घाला’ असं फर्मान कुणी काढू शकत नाही. आणि मुलाचं भलं विशेष शाळेत आहे असं आपल्याला वाटलं तर त्यात कमीपणाही नाही.

‘विशेष शिक्षक नाहीत’ हे कारण खरंही असतं. प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदं भरायला पुन्हा बजावलं. शाळेला हे सुनावण्यापेक्षा शाळा आणि पालक मिळून शिक्षण विभागाकडे मागणी करतील तर उपयोग जास्त.

शाळेचा पहिला पंधरवडा

वर्षभराची निम्मी भांडणं जूनमध्ये वाचवता येतात. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात बाईंच्या डोळ्यांपुढे पन्नाससाठ नवे चेहरे असतात. तेव्हा जाड फाइल त्यांच्या पुढ्यात टाकू नका. दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या आणि हाती एकच पान द्या. त्यावर निदानाचं लांबलचक नाव एकदाच. बाकी सगळं वर्गात उपयोगी पडेल असं. ‘फळ्याजवळ, खिडकीपासून लांब बसला तर लक्ष राहतं. एका वेळी एकच सूचना कळते. घंटेचा आवाज सहन होत नाही, कानावर हात ठेवतो; रागावू नका, दोन मिनिटांत शांत होतो. चित्रकला फार आवडते. फिट आली तर हे करा, या नंबरवर फोन करा.’ मुलाला काय येतं ते या पानावर असलंच पाहिजे. नुसत्या अडचणी वाचलेल्या शिक्षिकेला समोर अडचणच दिसते.

हे पान बाईंसाठी आहे, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी नाही. मुलाचं निदान ग्रुपवर टाकलं की ते इमारतीत, क्लासमध्ये, मुलाच्या मित्रांच्या घरी पोचतं आणि परत घेता येत नाही. शाळेविरुद्धची तक्रार तर ग्रुपवर कधीच करू नका.

परीक्षेच्या सवलती: सुरुवात आठवीत

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. १९९६ पासून त्या सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत पालक आणि तज्ज्ञांच्या गटाने महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. आज जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, गणितात कॅलक्युलेटर किंवा सोप्या पातळीचा पर्याय अशा सवलती दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार मिळतात. परीक्षापद्धतीत असे बदल करणं हे २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार सरकारचं कर्तव्य आहे.

सवलत आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिच्या वाटेवर किती थांबे आहेत ते नसतं. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल चालत नाही, अधिकृत रुग्णालयाचाच लागतो. मुंबईत महापालिकेच्या शीव, केईएम आणि नायर या रुग्णालयांत ही तपासणी होते. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यंक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, मध्ये शाळेचा अहवाल, मुलाच्या वह्या. प्रत्येकाची तारीख वेगळी, आणि रांग लांब. म्हणून नववीच्या दिवाळीत जागं होणं उशिराचं. साधारण आठव्या वर्षानंतर ही तपासणी होऊ शकते. शंका तिसरी-चौथीत आली तर तेव्हाच करून घ्या, आणि ते राहिलं असेल तर आठवीचं वर्ष हातचं सोडू नका. जुना दाखला असला तरी तो अजून चालतो की नव्याने तपासणी लागेल, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मिळालेली सवलत घरच्या आणि शाळेच्या परीक्षांत वापरून बघा. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कसब आहे. ज्याने सहामाहीला कधी लेखनिक घेतला नाही तो बोर्डाच्या पहिल्याच पेपरला गोंधळतो. आणि चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाही, असं कुणी म्हणालं तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल दाखवा. लिहिण्यात खरोखर अडचण असलेल्याला केवळ टक्केवारीच्या कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

पत्र कसं लिहावं

तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. बाईंशी बोलून दोन आठवडे झाले आणि काही हललं नाही, तर लिहायची वेळ झाली. गिरगावातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या शाळेत वॉकर घेऊन जाणाऱ्या मुलीचं उदाहरण घेऊ. रागाच्या भरात पालक लिहितात: ‘आपली शाळा दिव्यांगांच्या बाबतीत असंवेदनशील असून माझ्या मुलीवर सतत अन्याय होत आहे. तातडीने लिफ्ट बसवावी.’ यावर शाळेला काहीच करता येत नाही. लिफ्टला पैसे नाहीत, आणि ‘अन्याय’ शब्द वाचून विश्वस्त वकिलाला फोन लावतात.

तेच पत्र असं लिहून बघा: ‘माझी मुलगी चौथी ब मध्ये आहे. तिला सेरेब्रल पाल्सी असून ती वॉकर घेऊन चालते. यंदा तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला आहे. जिने चढून वर्गात पोचेपर्यंत पहिला तास संपत येतो. या महिन्यात गणिताचे सर्व तास असे बुडाले. मधल्या सुट्टीत ती खाली येत नाही, म्हणून शौचालयालाही जात नाही. चौथी ब चा वर्ग तळमजल्यावर घ्यावा ही विनंती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे ही सोय अपेक्षित आहे. आपला निर्णय पंधरा दिवसांत लेखी कळवावा. वेळ दिल्यास आम्ही दोघेही भेटायला येऊ.’ काय घडतं, त्याने काय बुडतं, काय हवं, कधीपर्यंत हवं, एवढंच. कायद्याचा उल्लेख एका ओळीत. आणि मागणी अशी की मुख्याध्यापकांना खडू-फळा हलवून उद्या पूर्ण करता येईल.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. ‘देऊन जा, बाई आल्या की सांगतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्या शिक्क्यावरच पुढचा सगळा पाठपुरावा उभा राहतो.

आणि शक्यतो दोघांनी जा. आपल्याकडे शाळा, दवाखाना, थेरपी हे आईच्या वाट्याला येतं आणि बाबा सही करतात. एकटी आई बोलली की तिला ‘फार काळजी करता तुम्ही’ म्हणून वाटेला लावलं जातं. बाबांना सुट्टी नसेल तर मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. एकाने बोलावं, दुसऱ्याने टिपून घ्यावं.

पायऱ्या सोडू नका

वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक किंवा शाळेचे समुपदेशक, मग संस्थेचे विश्वस्त. इथवर शाळेच्या आत. तिथे दाद लागली नाही तर प्राथमिकसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. गिरगावला डी, दादरला जी उत्तर, परळ-लालबागला एफ दक्षिण असा आपला वॉर्ड सांगावा लागतो. माध्यमिकसाठी राज्याचे शिक्षण निरीक्षक, आणि त्यांच्यावर चर्नी रोडच्या जवाहर बालभवनातले शिक्षण उपसंचालक. त्याहूनही पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. न्यायालय सगळ्यात शेवटी. मधल्या पायऱ्या गाळून थेट मंत्रालयात अर्ज टाकला तर तो फिरून खालीच येतो, आणि तोवर शाळेशी संबंध बिघडलेले असतात. याला अपवाद एकच, मुलाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर.

प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा शिक्का जोडा. एका साध्या वहीत तारीख, कुणाशी बोललो, काय ठरलं, एवढं लिहीत गेलात तर सहा महिन्यांनी तीच वही तुमची साक्षीदार होते.

चाळीत, मंडपात, सोसायटीत

लालबाग-परळच्या घरात आवाज सहन न होणारं स्वमग्न मूल असेल तर श्रावण संपायच्या आधीपासूनच आईच्या पोटात गोळा येतो. कार्यशाळांतून मूर्ती निघतात, रविवारी आगमनाच्या मिरवणुका, ढोलताशे, बेंजो. मिरवणूक खिडकीखाली आल्यावर खाली जाऊन ओरडण्यात अर्थ नाही. तेव्हा कुणाला ऐकूही येत नाही. मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीला येतात ती खरी वेळ. वर्गणी द्या, पोरांना पाणी विचारा, आणि आपल्या मुलाला समोर बसवून सांगा: “ह्याला आवाजाचा फार त्रास होतो. तुमची मिरवणूक आमच्या इमारतीपाशी कधी येणार ते आधी फोनवर कळवाल? आणि स्पीकरचं तोंड जरा पलीकडे ठेवाल?” मंडळाची पोरं आपल्याच मजल्यांवरची असतात, ओळखीच्या मुलासाठी बरंच करतात. वेळ आधी कळली तर मुलाला घेऊन दोन तास आत्याकडे जाता येतं. आणि गर्दी ओसरल्यावर, भल्या पहाटे, त्याला गणपती दाखवायला घेऊन जा. सण त्याचाही आहे.

पुनर्विकासात वेळेचं महत्त्व याहून जास्त. चाळ पाडायची ठरली की सभेत चर्चा चौरस फुटांची आणि भाड्याची होते. व्हीलचेअर आत जाईल असं लिफ्टचं दार, प्रवेशाला रॅम्प, न्हाणीघराची रुंदी हे नकाशे मंजूर व्हायच्या आधीच सभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी देऊ नये, असं २०१६ च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं. स्लॅब पडल्यावर दार रुंद करून मिळत नाही. सभेत एकटं पडायला होत असेल तर गुडघेदुखीने बेजार झालेले मजल्यावरचे सगळे आजी-आजोबा आपल्या बाजूचे आहेत, हे विसरू नका.

कधी थांबायचं

शिक्षिका नवीन आहेत आणि प्रयत्न करताना दिसतात, तेव्हा थांबा. तीनचार आठवडे द्या. एखादी गोष्ट चांगली झाली तर कॅलेंडरमध्ये दोन ओळी लिहून कळवा. ओपन डेला केवळ तक्रारच घेऊन येणारे पालक शिक्षकांना लांबूनच ओळखू येतात.

आपण रागात आहोत, तेव्हा थांबा. पत्र रात्री लिहा, सकाळी वाचा, मग द्या. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे शब्द सकाळी खोडा.

ज्यात मुलाची अब्रू गुंतलेली आहे, तिथे त्याला विचारल्याशिवाय बोलू नका. सातवीतल्या तोतऱ्या मुलाला वर्गातली पोरं चिडवतात. आई शाळेत गेली तर उद्यापासून तो ‘मम्मीज बॉय’ ठरेल, हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळतं. विचारा: “मी बोलू, की तू बघतोस?” तो ‘मी बघतो’ म्हणाला तर दोन आठवडे त्याचे. पण मूल जेवेनासं झालं, शाळा टाळायला लागलं, हात उगारले गेले, की हा करार संपला.

आणि ‘माझ्यासाठी हवं’ व ‘त्याच्यासाठी हवं’ यात गल्लत होते आहे अशी शंका आली, तेव्हा थांबा. पहिल्या पाचात यावा, इंग्रजी माध्यमातच टिकावा, नातेवाइकांत कळू नये, या इच्छा पालकांच्या असतात. त्यांच्यासाठी शाळेशी वाद घातला तर खऱ्या गरजेच्या वेळी आपल्या शब्दाला वजन उरत नाही.

हळूहळू खुर्ची मागे घ्या

याच शहरात पालकांनी आपल्या एका मुलासाठी पुकारा केला आणि शेकडोंची सोय झाली, असं घडलेलं आहे. शिवडीची जय वकील संस्था १९४४ मध्ये सुरू झाली ती डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी वकील दांपत्याने केलेल्या खटपटीतून. मिठू अलूर यांनी मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे १९७२ मध्ये कुलाब्यात स्पास्टिक्स सोसायटीची शाळा काढली. आज ती संस्था ‘अडॅप्ट’ नावाने ओळखली जाते. मालिनी पुढे झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला शिकल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. आईने बोलून दारं उघडली. आपली हकीकत मात्र मुलीने स्वतः सांगितली. पालकांनी घ्यायच्या कैवाराचा शेवट इथे व्हायला हवा.

त्याची तयारी दहाव्या-अकराव्या वर्षापासून करता येते. दुकानात वही मागणं, बसमध्ये कंडक्टरला स्टॉप विचारणं, डॉक्टरांना कुठे दुखतं ते स्वतः सांगणं. बोलता येत नसेल तर चित्रांचा तक्ता, मोबाइलवरचं अ‍ॅप, लिहिलेली चिठ्ठी. शाळेसाठी एखादं वाक्य घोटून घ्या: “बाई, मला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, फोटो काढू का?” चौदा-पंधराव्या वर्षी त्याचा दाखला, त्याचं निदान, त्याच्या सवलती त्याला समजेल अशा भाषेत सांगा. ते त्याचे कागद आहेत.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर कायद्याच्या नजरेत आपण त्याचे पालक उरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल आणि मुलाला निर्णय घेणं खरंच जमणार नसेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. मुंबई शहरासाठी ते कार्यालय फोर्टच्या जुन्या जकात घरात आहे. सतराव्या वर्षी चौकशी करून ठेवा. पण सगळ्यांनाच याची गरज नसते. ज्याला थोड्या मदतीने स्वतःचं ठरवता येतं, त्याची सही आपण काढून घेऊ नये. २०१६ च्या कायद्यात ठरावीक बाबीपुरत्या, मर्यादित पालकत्वाची तरतूद याचसाठी आहे.

पुढच्या ओपन डेला मुलाला सोबत न्या. बाईंनी आपल्याकडे बघून ‘कसा अभ्यास करतो?’ विचारलं, तर उत्तर देऊ नका, त्याच्याकडे बघा. तो वेळ घेईल, अडखळेल, कदाचित चुकीचंही सांगेल. मध्ये पडायला आपण शेजारच्या खुर्चीवर आहोतच, पण आधी त्याचं बोलून होऊ द्या.